आमची वाटचाल : ‘जवळपास झालंय’पासून ‘अजून नाही’पर्यंत

आमची फर्म लहान आहे. मोजमापाच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर करतो आणि त्यातला गणिताचा भाग बहुतेक वेळा बाहेरच्या प्रोग्रामरकडून लिहून घेतो. अशा कामाचे दोन टप्पे असतात. आधी गणित जमलं पाहिजे, मग ते यंत्रावर चाललं पाहिजे. पहिला टप्पा खरोखर पार पडला का, हे फक्त करणाऱ्याला ठाऊक असतं. दर आठवड्याचा खर्च मात्र आमचा.

सुरुवातीला टप्प्यागणिक हप्ता द्यायचो. एका कामात पहिल्या टप्प्याचा डेमो झाला, आलेख सुरेख उमटला, हप्ता दिला. महिन्याभराने मी सहज एक आकडा बदलून पाहिला, तर आलेख जागचा हलेना. उत्तरं आधीच भरून ठेवली होती! फार संताप आला. पण करार पुन्हा वाचला तेव्हा कळलं, ‘झालं’ या शब्दाचेच पैसे आम्ही ठेवले होते. ‘नाही झालं’ म्हणणाऱ्याच्या हाती काहीच नव्हतं.

मग सगळा मोबदला शेवटी ठेवला आणि पहिल्या टप्प्याला पक्की तारीख दिली. तारखेच्या आदल्या रात्री सगळ्यांचंच ‘झालं’!

पुढे वाचनात आलं की ब्रेट ग्रीन आणि कर्टिस टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला आहे. बक्षीस फक्त पूर्ण कामाला, आणि जितका उशीर तितकं कमी. मध्ये एक सैल तारीख. त्या दिवशी ‘झालं’ म्हटलं तर दुसऱ्या टप्प्याला पक्की मुदत मिळते. खोटं बोलणाऱ्याला तेवढ्यातच दोन्ही टप्पे उरकावे लागतात, म्हणून खोटं त्यालाच महाग पडतं. ‘नाही’ म्हटलं तरी काम लगेच बंद होत नाही. पण त्यापुढे ते कधीही थांबू शकतं आणि तो दिवस आधी कुणालाच माहीत नसतो. त्यामुळे ‘आदली रात्र’ उरतच नाही.

त्यांच्या मांडणीत काम थांबणं नशिबावर सोडलेलं आहे. चिठ्ठी टाकून कुणाचं काम बंद करायला माझं मन धजलं नाही. आम्ही दर सोमवारी एकेका आठवड्याची मुदतवाढ देतो, आणि झालेल्या आठवड्यांचा खर्च कापत नाही. यात उणीव आहे: निर्णय माझ्या हातात राहतो, समोरच्याला माझ्या शब्दावर विसंबावं लागतं. म्हणून एकदा दिलेली पक्की मुदत मी कधीच आखडत नाही.

गेल्या कामात सैल तारखेला प्रोग्रामर मुलीचा फोन आला, “सर, नाही जमलं अजून. तापमान वाढलं की आकडे घसरतात.” इतकं सरळ वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. दोन सोमवार मुदत वाढवली, तिसऱ्याला काम थांबवलं. तिने डेमो नाही, पण कुठल्या तापमानाला काय बिघडतं याची नीट यादी पाठवली. नवीन काम तिलाच दिलं आहे, त्याच यादीपासून सुरू होणारं.