उरलेल्या फरश्यांचं काय करता येतं, आणि कुठे करू नये

फरशी मागवताना पाच ते दहा टक्के माल जास्त धरतात, तिरप्या मांडणीला त्याहून थोडा अधिक. त्यामुळे काम संपल्यावर काही अख्ख्या टाइल्स आणि बरेच तुकडे उरणारच. पण त्यांना हात लावण्याआधी पाच-सहा अख्ख्या टाइल्स दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि खोक्यावरचा शेड व बॅच क्रमांक त्यांच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढे कधी पाइपसाठी फरशी फोडावी लागली, तर त्याच डिझाइनची पण दुसऱ्या बॅचची टाइल रंगात आणि मापातही किंचित वेगळी निघते, आणि तो ठिगळासारखा चौकोन कायम डोळ्यांत खुपतो. या टाइल्स भिंतीला टेकवून, कडेवर उभ्या ठेवा.

उरलेल्या मालाची आधी ओळख पटवा. टाइलच्या पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच जिरले तर ती भिंतीची सिरॅमिक टाइल. ती वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. थेंब तसेच राहिले तर व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल. तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. पाणी पिणारी टाइल अंगणात किंवा गच्चीत वापरू नका. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर ती आतूनच फुटते. उलट व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही म्हणूनच तिला साधं सिमेंट धरत नाही. तिला पॉलिमर मिसळलेलं टाइल अ‍ॅडेसिव्हच लागतं.

अख्ख्या टाइलचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे छोट्या टेबलाचा माथा. ६०×६० सेंमीची, ९ मिमी जाडीची टाइल साधारण साडेसात किलो भरते. खालचा प्लाय धरला तर माथाच बारा किलोंच्या आसपास जातो, म्हणून घडीच्या किंवा बारीक पायांच्या टेबलावर हा प्रयोग नको. प्लाय १८ मिमीचा आणि पाण्याला टिकणारा घ्या. पातळ प्लाय वाकतो, टाइल वाकत नाही, आणि मग जोड सुटतो. प्लायला प्रायमर लावून वाळू द्या. अ‍ॅडेसिव्ह लवचिक प्रकारचं निवडा आणि ६ मिमी दात्यांच्या थापीने एकाच दिशेने रेघा ओढत पसरवा. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा, टाइल ठेवा आणि रेघांना आडवी मागे-पुढे सरकवत दाबा, म्हणजे हवा निघून जाते. चार कोपरे आणि मध्ये एक असे गोळे लावून टाइल बसवण्याची सवय सर्रास दिसते. त्यात खाली पोकळी राहते, आणि नेमकं त्या पोकळीवर काही जड पडलं की टाइल तडकते. चोवीस तास हलवू नका.

कडेला लाकडी पट्टी लावणार असाल तर टाइल आणि पट्टीत ३ मिमी जागा सोडून ती सिलिकॉनने भरा. लाकूड दमट हवेत फुगतं. जागा नसेल तर पट्टी तरी सुटते किंवा टाइल उचलली जाते. पट्टी न लावता कड उघडी ठेवायची असेल तर रंग आरपार असलेली फुल बॉडी टाइलच हवी. छापील पृष्ठभागाच्या टाइलची कड वेगळ्या रंगाची दिसते. कापलेली कड सुरीइतकी धारदार असते, ती डायमंड हँड पॅडने, आधी १२० आणि मग २२० ग्रेडने, पाणी लावत घासा. ग्राइंडरने कोरडं कापलं की उडणारी धूळ सिलिकाची असते, फुप्फुसाला कायमची इजा करणारी. म्हणून पाणी टाकत कापा, एन-९५ मास्क आणि चष्मा लावा.

भोक पाडायचं असेल (खुंट्यांची पट्टी करायला लहान तुकडे उत्तम) तर ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा, डायमंड बिट तिरका धरून आधी खाच पाडा, मग सरळ करा, गती कमी आणि पाणी सतत. भोक कडेपासून किमान अडीच-तीन सेंमी आत असू द्या.

तुकड्यांचं मोझेक कुंडीवर खुलतं. अख्खी टाइल गोल पृष्ठभागावर बसत नाही, तुकडे बसतात. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधलं नागमोडी बाक तुकड्यांनी मढवलेलं आहे ते त्यामुळेच शक्य झालं. टाइल जाड गोणपाटात गुंडाळून फोडा, दोन ते चार सेंमीचे तुकडे निवडा. मातीच्या कुंडीला आतून वॉटरप्रूफ लेप द्यायला विसरू नका. नाहीतर ओल भिंतीतून बाहेर येत राहते आणि वर्षभरात तुकडे सुटू लागतात. तळाचं भोक मात्र मोकळं ठेवा. तुकड्यांत ३ ते ५ मिमी अंतर सोडा, दुसऱ्या दिवशी ग्राउट (फटी बुजवायचं मिश्रण) भरा, आणि ते पुरतं कडक व्हायच्या आत ओल्या स्पंजने पुसा. मग डाग काढणं फार जिकिरीचं होतं.

संगमरवराचा तुकडा स्वयंपाकघरात ठेवायचा मोह होतो, पण लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो. तिथे ग्रॅनाइट बरा.

लॅमिनेट फरशीच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फ्लोअरिंगच्या, फळ्या कपाटाच्या पाठीला, ड्रॉवरच्या तळाला छान बसतात. नुसत्या ८ मिमी फळीचं शेल्फ करू नका, वजनाने झोळ पडतो, प्लायवर चिकटवा. आतला गाभा दाबलेल्या लाकडी भुश्श्याचा असल्याने सिंकखाली तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. सिंकखाली विनाइल (प्लास्टिकची फरशी) लावा: कटरने रेघ मारून वाकवलं की तुटतं. गरम भांड्याखाली मात्र ते नको.

जुनं विनाइल, विशेषतः १९८० च्या आधीचं, उखडलेलं हाती आलं तर ते कापू, घासू किंवा तोडू नका. त्यात आणि त्याखालच्या काळ्या चिकट थरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय ते कुठेच वापरू नये. आणि लॅमिनेट वा विनाइलचे उरलेसुरले तुकडे शेकोटीत टाकू नका, त्यांचा धूर विषारी असतो.