दांडीवरचा गरुड

भाचा सुट्टीला आलाय. परवा त्याचा धुतलेला टी-शर्ट झटकून दांडीवर टाकत होतो, तर छातीवर ओळखीचा गरुड. काळा शर्ट, पांढरं वर्तुळ, भोवती जॉनी, जोई, डी डी, टॉमी अशी नावं.

"अरे, तू रमोन्स ऐकतोस?"

आतून, मोबाईलमधून मान न काढता उत्तर आलं, "ऐकतोस काय मामा, ब्रँड आहे तो."

रागवणार होतो, पण त्याचं तरी काय चुकलं? या अमेरिकन रॉक बँडच्या रेकॉर्डांपेक्षा शर्टच जास्त खपले, असं त्यांचे चाहतेच म्हणतात. गरुड काढला आर्तुरो वेगा या त्यांच्या मित्राने, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुद्रा समोर ठेवून. मूळ मुद्रेत गरुडाच्या एका पायात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात बाण असतात. वेगाने फांदी सफरचंदाची केली आणि बाणांऐवजी बेसबॉलची बॅट दिली, कारण जॉनी बेसबॉलवेडा होता. भाच्याच्या शर्टावर ती बॅट धुऊन धुऊन लाटण्यासारखी दिसायला लागलीये.

गंमत म्हणजे रमोन हे आडनाव या चौघांपैकी एकाचंही नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही पोरं. टॉमीचा तर जन्मच बुडापेस्टचा. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी उमेदवारीच्या काळात काही दिवस 'पॉल रमोन' म्हणवून घ्यायचा, तिथून यांनी १९७४ मध्ये आडनाव उचललं आणि सगळ्यांनी लावलं. आडनाव एक झालं म्हटल्यावर भाऊबंदकीही आलीच. जोईची मैत्रीण जॉनीकडे गेली, पुढे त्या दोघांचं लग्न झालं. जोई आणि जॉनीने वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं, पण गाडी एकच आणि स्टेजही एकच. १९९६ मध्ये थांबले तेव्हा २,२६३ कार्यक्रम झाले होते. आमच्याकडे सामायिक विहिरीवरून अबोला धरलेले चुलते होते, पण ते निदान रोज रात्री जोडीने गायला तरी उभे राहत नव्हते.

पहिला अल्बम १९७६ चा. खर्च ६,४०० डॉलर, गाणी चौदा, आणि सगळी मिळून जेमतेम एकोणतीस मिनिटं. कुकर लावून ऐकायला बसलं, तर वाफ जिरेपर्यंत अल्बम संपलेला असतो. त्या काळी रॉकवाले एकेका गाण्यात दहा-दहा मिनिटं गिटार आळवत बसायचे. इथे गिटारवाल्या जॉनीचा हात धोबीघाटावरच्यासारखा फक्त वरून खाली. सोलो नाही, नक्षी नाही. आणि ध्वनीची वाटणी तर भावांनी घर वाटून घ्यावं तशी: डाव्या कानात बेस, उजव्यात गिटार, ड्रम आणि गाणं मधल्या सामायिक ओट्यावर.

अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत तो १११ व्या नंबरापलीकडे सरकला नाही. त्याच वर्षी ४ जुलैला मात्र ते लंडनमध्ये वाजवून आले, आणि तिथल्या पोरांना 'एवढंच असेल तर आपल्यालाही जमेल' असं वाटायला लागलं. एखाद्या बँडने आणखी काय करायचं असतं?

एकूण चौदा स्टुडिओ अल्बम निघाले. माझं प्रामाणिक मत, पहिले चार घ्यावेत, त्यातही 'रॉकेट टू रशिया' आधी. पुढे १९८० मध्ये हिट हवं म्हणून फिल स्पेक्टर या नावाजलेल्या निर्मात्याला बोलावलं. त्याने एका गाण्यात व्हायोलिनांचा ताफा आणून बसवला. पिठल्यावर चांदीचा वर्ख लावल्यासारखं झालं ते. यादीत त्यांचा सगळ्यात वर पोचलेला अल्बम नेमका तोच.

पहिल्या अल्बमला खपाबद्दलचं गोल्ड रेकॉर्ड मिळायला २०१४ उजाडलं, म्हणजे ३८ वर्षं. तोवर शर्टावरच्या चार नावांपैकी फक्त टॉमी उरला होता. त्याच जुलैत तोही गेला.

हे सगळं भाच्याला सांगितलं नाही. शर्ट वाळला तसा त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हटलं, "हा घालायचा तर एकोणतीस मिनिटं दे." त्याने इअरफोन लावला. दोन गाणी झाली, तिसरं सुरू झालं. पाय हलत होता, पण कपाळावर आठी.

"मामा, भारी आहे. पण यांच्यात गिटारवाला नव्हता का?"

त्याच्या इअरफोनची उजवी बाजू आठवडाभर बंद होती.