रिस्टोअर लवकर व्हावा म्हणून टेपांची फेरमांडणी

आमचा बॅकअप रोज रात्री बिनबोभाट व्हायचा. रडायचा तो रिस्टोअर. फाइल सर्व्हरचा एखादा मोठा फोल्डर परत आणायला घेतला की टेप लायब्ररीतला (टेपा ठेवायच्या कपाटातला) रोबो ही टेप काढ, ती घाल, यातच गुंतून पडायचा.

आम्ही आयबीएमचं स्टोरेज प्रोटेक्ट (2023 पर्यंतचं स्पेक्ट्रम प्रोटेक्ट) हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरतो; जुनी मंडळी अजून टीएसएमच (टिवोली स्टोरेज मॅनेजर) म्हणतात. त्यात फुल बॅकअप एकदाच, पुढे रोज फक्त बदललेल्या फाइल्स. त्या आधी डिस्कवर येतात आणि तिथून जी टेप भरायची चालू असेल तिच्यावर जातात. कोलोकेशन (एका सर्व्हरचा किंवा गटाचा डेटा मोजक्या टेपांवर एकत्र ठेवणं) बंद असलं की वर्षभरात एकाच सर्व्हरच्या फाइल्स ढीगभर टेपांवर पांगतात. आमच्याकडच्या एलटीओ-८ प्रकारची टेप 12 टीबीची, वेग सेकंदाला 360 एमबी, पण तो सलग वाचताना. फीत 960 मीटर लांब. मधल्या एखाद्या फाइलपाशी पोचायलाच मिनिटभर जाऊ शकतं.

‘क्वेरी नोडडेटा’ ही कमांड चालवून कोणाचा डेटा किती टेपांवर आहे ते पाहिलं आणि कोलोकेशन चालू करायचं ठरलं. प्रत्येक सर्व्हरला वेगळी टेप देणं परवडणारं नव्हतं. 300 जीबीच्या सर्व्हरने 12 टीबीची टेप अडवून बसायचं म्हणजे चैनच. म्हणून गट केले. मोठ्या फाइल सर्व्हरला मुद्दाम कुठल्याच गटात घातलं नाही. गटाबाहेरच्या नोडला (म्हणजे सर्व्हरला) आपोआप स्वतंत्र टेप मिळते.

गट खातेनिहाय करा, असं टीममध्ये बहुतेकांचं म्हणणं होतं. मला ते पटेना. अकाउंट्सचे दोन्ही सर्व्हर एकदम बसले आणि दोघांचा डेटा एकाच टेपवर असला, तर एकाला थांबावंच लागणार, कारण टेप एका वेळी एकाच ड्राइव्हमध्ये (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात) जाते. जे सर्व्हर एकाच वेळी उभे करावे लागतील ते वेगवेगळ्या गटांत हवेत. यावर बराच वाद झाला, शेवटी तसंच केलं.

सेटिंग बदलून जुना डेटा जागचा हलत नाही. ‘मूव्ह नोडडेटा’ या कमांडने तो गटागटाने हलवला. त्याला वाचायला एक आणि लिहायला एक असे दोन ड्राइव्ह लागतात, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी. कमी महत्त्वाचे सर्व्हर रिक्लमेशनवर सोडले: टेपवरचा कालबाह्य भाग 60 टक्क्यांवर गेला की उरलेला डेटा नव्या मांडणीप्रमाणे दुसरीकडे लिहिला जातो.

आता रिस्टोअरला मोजक्या टेपा लागतात. रात्री डिस्कवरून टेपवर डेटा जाताना मात्र टेपांची अदलाबदल वाढली, कोऱ्या टेपाही जास्त लागतात. खरेदी विभागाने भुवया उंचावल्याच. बाहेर पाठवायच्या प्रतींना कोलोकेशन लावलेलं नाही, नाहीतर अर्ध्या रिकाम्या टेपांची खोकी पाठवत बसावं लागलं असतं. निदान डेटाबेस सर्व्हरपुरता त्याला अपवाद करावा, असं माझं मत आहे आणि तो प्रस्ताव सध्या साहेबांच्या टेबलावर आहे.