ऑपरेशन नव्हतंच

मुंबईहून परत आलो तेव्हा आईने आधी पोराचा शर्ट वर करून पाठपोट बघितलं. "टाके खय घातले रे?" छातीवर औषधं द्यायच्या नळीची, सेंट्रल लाइनची, एक बारकी खूण होती, तेवढीच. देवगडात अजूनही लोक मला विचारतात, ऑपरेशन कसं झालं. बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हटलं की ऑपरेशन थिएटरच डोळ्यांसमोर येतं. माझ्याही आलं होतं.

पोरगा आठ वर्षांचा. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, अडीच वर्षांची ट्रीटमेंट संपून चारच महिने झाले होते आणि कॅन्सर परत आला. आपल्याकडे २०२३ मध्ये मंजूर झालेली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची कार-टी थेरपी मी पेपरात वाचली होती, पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची. ती विचारली, तर मंजुरी १५ वर्षं आणि पुढच्यांसाठी. मग उरलं ट्रान्सप्लांट.

त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी जुळणाऱ्या पेशी लागतात. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. मोठ्या मुलीच्या नमुन्यात लॅबमध्ये गुठळी झाली, म्हणून तिला पुन्हा तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला नेलं, आणि शेवटी जुळलं नाहीच. ते वाया गेलेले आठ दिवस माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. आईबाप मात्र अर्धे जुळतातच. दाता मी ठरलो.

पाच दिवस रोज पोटावर इंजेक्शन. त्याने हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी रक्तात उतरतात. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि छातीचं हाड असं ठणकायला लागलं, की हंगामात दिवसभर पेट्या उचलूनही तसं ठणकत नाही. मग मशीन. एका हातातून रक्त बाहेर, पेशी वेगळ्या काढून बाकीचं दुसऱ्या हातात परत. चार तास कोपर वाकवायचं नाही. नेमकं तेव्हाच नाक खाजतं, आणि सिस्टरला सांगायची लाज वाटते. मध्येच ओठांना मुंग्या आल्या. कॅल्शियम कमी झालं म्हणून गोळ्या चघळायला दिल्या. शेवटी हातात काय, तर कोकमाच्या आगळाच्या रंगाची एक छोटी पिशवी.

ती पिशवी वर पोराला सलाइनसारखी चढवली. तो मोबाइलवर कार्टून बघत होता. "झाला?" म्हणाला. झालं होतं.

त्याआधीच्या आठवड्यात किरण आणि केमो देऊन त्याची मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, पार रिकामी केली होती. हे मला भाजावळीवरून कळलं. तरवा पेरायच्या आधी आपण जमीन भाजतो, तसं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या भाजण्यावर भरवसा नाही. कॅन्सरच्या ज्या पेशी उरतात, त्यांना तुमच्या पेशी परकं म्हणून ओळखतात आणि मारतात, खरं काम ते. अडचण अशी, की त्याच पेशी पोराची कातडी, आतडी, लिव्हरसुद्धा परकं समजू शकतात. म्हणून पेशी चढवल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा एक केमो, सायक्लोफॉस्फमाइड. पोराच्या अंगावर चवताळून ज्या पेशी भराभर वाढायला लागलेल्या असतात, त्या तेवढ्या मरतात. मूळ पेशींकडे ते औषध मोडून टाकणारं एन्झाइम असतं, त्या तगतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही रीत आधी उंदरांवर आजमावून मग माणसांत आणली. त्या बाई हे सांगताना इतक्या रंगल्या होत्या, की मी घाबरायचं विसरलो.

खरं अवघड पुढे. रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा काउंट यायचा. शून्य. शून्य. तोंडभर फोड, घोटभर पाणीसुद्धा गिळवेना. आईने चुलत्याबरोबर हापूसची पेटी पाठवली, ती वॉर्डात नेता येईना. कच्चं काही नाही, बाहेरचं तर नाहीच. खोलीवर आम्ही दोघं नवराबायको एकही आंबा न कापता पेटीकडे बघत बसायचो. शेवटी शेजारच्या खोलीतल्या जळगावच्या माणसांना देऊन टाकली.

सोळाव्या दिवशी काउंट १२०. पाचशेच्या वर सलग तीन दिवस राहिला पाहिजे, तो विसाव्या दिवसापर्यंत राहिला. पुढे तळहातांवर पुरळ आलं. माझ्याच पेशींचा तो प्रताप. स्टेरॉइडने बसलं. शंभर दिवस हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत काढले. बागेचा हिशोब त्या वर्षी भावाने बघितला, आणि कसा बघितला ते इथे नको.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला, रक्तातल्या पेशी शंभर टक्के दात्याच्या. पोरगा जन्माने बी पॉझिटिव्ह, आईसारखा. आता ओ पॉझिटिव्ह, माझ्यासारखा.

जूनमध्ये शाळेत ओळखपत्र दुरुस्त करायला गेलो. क्लार्क माझ्याच वर्गातला. चष्मा वर करून म्हणाला, "रक्तगट बदलता काय खय? आधी चुकीचो सांगलास काय?"

पोरगाच बोलला, "बाबांचो हा तो."

क्लार्कने कार्डावरचा बी खोडला, वर ओ लिहिला, आणि खाडाखोड झाली म्हणून बाजूला माझी सही घेतली.