चार किलोंचे पंच्याहत्तर किलो

पिकअपसाठी गाडीचे फिरणारे भाग हलके करायचे, तर सुरुवात चाकांपासून. जर्मनीत बाहेरची अलॉय चाकं बसवायची तर आधी कागद. चाकावर केबीएचा, म्हणजे इथल्या सरकारी वाहन खात्याचा, मंजुरी नंबर हवा आणि ती मंजुरी तुमच्या मॉडेलला लागू हवी. नाहीतर गाडी तपासून घ्या, नोंद करून घ्या. दोन किलो हलकं चाक लावलं तर यांचं काय बिघडतं, म्हणून चीड येते. कायदा आपल्याकडेही आहे, मोटर वाहन कायद्याचं कलम 52. पण इथे जर्मनीत दर 2 वर्षांच्या तपासणीत कोणीतरी खरंच वाकून तो नंबर वाचतं.

आणि चाकांपुरतं त्यांचं बरोबर आहे. स्वस्त कास्ट (ओतीव) अलॉय हलकं करताना जाते ती मजबुती, मग बडोद्याच्या पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात कड चिरते. फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) किंवा फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग कड दाबून ताणलेलं) घ्या. एका चाकाची भारक्षमता जास्तीत जास्त एक्सल लोडच्या, म्हणजे एका आसावरच्या भाराच्या, निम्म्याहून कमी नको. टायरही तोलून घ्या: ट्रेडपाशी (रस्त्याला टेकणाऱ्या बाजूला) वाचलेला 1 किलो पिकअपला जवळपास 2 किलोंसारखा जाणवतो.

खरी गंमत फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या (क्रँकच्या) टोकाला फिरणाऱ्या जड चकतीची. 4 किलो काढले आणि ते मध्यापासून सरासरी 10 सेंमीवर होते असं धरा. पहिल्या गिअरचा फायनल ड्राइव्हसकट रेशो 13, टायरची त्रिज्या 30 सेंमी. रेशोचा वर्ग होतो, म्हणून गाडी सुमारे 75 किलोंनी हलकी झाल्यासारखी उचलते. चौथ्यात रेशो 4 असला तर तोच फायदा 7 किलोंवर येतो. म्हणजे हायवेवर फारसं काही मिळत नाही. मिळतं ते पहिल्या-दुसऱ्यात, आणि डाउनशिफ्टला, म्हणजे खालचा गिअर टाकताना, आरपीएम झटकन जुळण्यात.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवरचे हात इथल्या कुणापेक्षा कमी नाहीत, हे मी इथे कुणालाही ठणकावून सांगेन. तरीही बिडाचं मूळ फ्लायव्हील अंदाजाने कापायला देऊ नका. बोल्टांभोवती किंवा क्लच घासतो त्या पृष्ठभागामागे धातू पातळ झाला, की उष्णतेने बारीक चिरा पडतात, आणि 7000 आरपीएमला ते फुटलं तर बेलहाउसिंग (फ्लायव्हीलभोवतीचं कवच) तुमच्या पायांशीच असतं. तयार बिलेट स्टीलचं (अखंड ठोकळ्यातून कापलेलं) घ्या. ॲल्युमिनियमचं घेतलंत तर त्यावर बदलता येणारी स्टीलची घर्षण-प्लेट हवी. आणि क्लचची प्रेशर प्लेट लावून बॅलन्सिंग करून घ्या. पैसे वाचवायला लोक नेमकं हेच टाळतात.

गिअरबॉक्स एकदा उतरवलाच आहे, तर क्रँकचं मागचं सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीन टाका. बोल्ट नवे, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, क्रमाने आडवे-तिडवे. घर्षणाची बाजू ब्रेक क्लीनरने पुसा. तेलकट बोटाचा ठसासुद्धा नको.

ड्युअल-मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) काढून एकसंध सिंगल-मास लावलंत तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडणारच. इंजिनचे हिसके गिळणारे स्प्रिंग गेले, म्हणून स्प्रिंगवाली क्लच प्लेटच घ्या. फ्लायव्हील हलकं झालं की आयडल डळमळू शकतो, एसी लावून ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडू शकते, आणि क्रँकच्या वेगातला चढउतार मिसफायर (सिलिंडरमध्ये ठिणगी हुकणं) समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चेक इंजिनचा दिवा लावू शकतो.

क्रँक पुलीला (क्रँकच्या दुसऱ्या टोकाच्या पट्टा फिरवणाऱ्या चाकाला) मात्र हात लावू नका. अनेक इंजिनांत तिच्यात रबराचा डँपर असतो. त्या जागी भरीव हलकी पुली लावली तर क्रँकचं कंपन थोपवायला काही उरत नाही, आणि त्याचा मार बेअरिंगांना बसतो.