मार्टिन्सव्हिल: सगळा खेळ ब्रेकचा

अमेरिकेत व्हर्जिनियातला हा नॅस्कार (तिथल्या मोटार शर्यतींची मालिका) ट्रॅक जेमतेम 0.526 मैलांचा. सरळ पट्टे 800 फुटांचे, वळणांचा आतल्या बाजूला उतार फक्त 12 अंश. म्हणजे दर लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) दोनदा करकचून ब्रेक. 500 लॅप्सना हजार वेळा! डिस्क लालबुंद होतात. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल भसकन खाली जातं. म्हणून जाणता ड्रायव्हर थोडा आधीच, हलक्या पायाने ब्रेक दाबतो.

2022 च्या प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांमध्ये) ड्रायव्हर रॉस चॅस्टेनने इथे शेवटच्या लॅपला शेवटच्या वळणांवर ब्रेक लावलाच नाही. पाचवा गिअर, गाडी भिंतीला घासत पाच जणांना मागे टाकलं. लॅप 18.845 सेकंदांचा! त्यामुळे चॅस्टेन अंतिम फेरीत गेला आणि प्रतिस्पर्धी डेनी हॅमलिनची ती हुकली. पुढच्या हंगामापासून नॅस्कारने ही युक्ती बंद केली, बरंच झालं.