आमची वाटचाल : आधी डोळा

बाबांनी १९८६ साली मिरजेत स्टुडिओ काढला तेव्हा भांडवल काय, तर वरून डोकावून बघायचा एक याशिका कॅमेरा, दोन दिवे आणि एक निळा पडदा. रोलमध्ये फोटो बाराच. म्हणून वरच्या काचेवरचं छोटं भिंग उघडून, समोरच्याच्या डोळ्यातला दिव्याचा ठिपका लख्ख दिसेपर्यंत बाबा फोकस फिरवत राहायचे.

२००९ मध्ये मी निकॉन डी९० आणि ५० एमएमची १.८ लेन्स घेतली. मागचं सगळं छान धूसर व्हायचं, गिऱ्हाईक खूश. मग मी प्रत्येक पोर्ट्रेट १.८ वरच, म्हणजे लेन्सचं तोंड (अॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवूनच काढू लागलो.

एका नवरीचा फोटो वीस बाय तीसचा करायला घेतला आणि पोटात गोळा आला. नथीचा मोती न् मोती कोरल्यासारखा, डोळे मात्र मऊ. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर हे कळलंच नव्हतं. मुलीच्या आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या फोटोकडे बघत राहिल्या. पैसे मी घेतले नाहीत, पण तो दिवस काही परत आणून देता आला नाही.

चूक शोधायला दोन रविवार गेले. कॅमेऱ्यातल्या मधल्या फोकस पॉइंटने फोकस धरून मी मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायचो. सव्वा मीटरवरून १.८ ला जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर फोकसमध्ये राहतात. कॅमेरा वळला किंवा नवरी जरा पुढे झुकली, की डोळा निसटलाच. तेव्हापासून आधी फ्रेम लावायची, मग अकरा पॉइंटांतला जवळच्या डोळ्यावरचा निवडायचा आणि अॅपर्चर ४ ठेवायचं, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करायचं. तेवढ्याने फोकसची जागा दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. आजचे कॅमेरे डोळा आपोआप पकडतात, तरी मोठा करून बघितल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाला सोडत नाही.

फ्रेमचं महत्त्व मात्र हार घालायच्या फोटोंनी शिकवलं. माणूस गेल्यावर घरचे लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, 'यातले आमचे अण्णा तेवढे काढून द्या' म्हणतात. अण्णांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात, डोक्याला लागून मांडवाचा खांब. काय काढून देणार?

म्हणून कार्य कुठलंही असो, घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला आम्ही पाच मिनिटं बाजूला बोलावतो. खिडकीशी खुर्ची, भिंत पाच-सहा फूट मागे, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, डोक्यावर थोडी मोकळी जागा. याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही.